कावीच्या मुलखातून

सिंगराजा, उत्तर बाली

ती. अण्णांस,


आज दिवसभर गदोंग कीर्त्यात होतो. १९२८ सालचं हे ग्रंथालय ताडपत्रांचं. इथे पोथीला लोंतार म्हणतात. आपण ज्याचे ताडगोळे खातो, त्याच झाडाची ही पानं. एक पान अगदी जवळून पाहिलं. अणकुचीदार सुरीने अक्षरं कोरतात, केमिरीच्या बिया जाळून केलेलं काजळ वर चोळतात आणि पुसून घेतात. रेघांत काजळ उरतं, अक्षर उठून दिसतं. लिपी बाली, भाषा कावी, म्हणजे जुनी जावी. दमट हवेत पान टिकत नाही, म्हणून पिढ्यानपिढ्या नकला करत बालीच्या लोकांनी जावातली काव्यं जगवली.

इथली खरी विद्या मात्र मबेबासनमध्ये दिसते. एकजण काकविनाची, म्हणजे कावीतल्या काव्याची, ओळ गातो, दुसरा लगेच बालीत अर्थ सांगतो. अर्थ पटला नाही की बाकीचे मध्येच थांबवतात, मग एकाच शब्दावर बराच वेळ खल चालतो. तुमच्या ज्ञानेश्वरीच्या निरूपणाला बसल्यासारखं वाटलं.

योग्यकर्ता

ती. अण्णा,

फोनवर तुम्ही म्हणालात, कावी म्हणजे संस्कृतच की. तसं नाही. याच गावात आयुष्य घालवलेल्या झूटमुल्डर या जेझुइट पंडितांचा कावीचा कोश १९८२ साली निघाला. त्यातले जवळजवळ निम्मे शब्द संस्कृतातून आलेले आहेत, पण वाक्य चालतं ते जावी वळणाने. संस्कृतची विभक्ती नाही, लिंगभेद नाही. ‘वाच’ घ्या. कर्तरीत त्याचं ‘माच’ होतं. कर्मणीत ‘इन’ शब्दाच्या पोटात शिरतो आणि ‘विनाच’ होतं. असा मध्येच घुसणारा प्रत्यय फिलिपिन्सच्या तागालोगमध्येही आहे, कारण दोघी एकाच ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या.

आपल्याकडची विद्वान मंडळी इथे येऊन ओळखीचे शब्द तेवढे वेचतात आणि खूश होऊन परततात, याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या कवींनी काय घडवलं, ते बघायचं राहूनच जातं. कावी रामायणाचा बराच भाग भट्टीच्या संस्कृत भट्टिकाव्यावरून घेतलेला आहे. भट्टीच्या दहाव्या सर्गात लंकादहनाला यमकं आहेत, आणि या कवीने तीही आपल्या भाषेत उतरवायला घेतली!

तुमच्या भट्टिकाव्याच्या प्रतीतला तो सर्ग समासातल्या टिपांसकट स्कॅन करून पाठवाल का? दोन्ही यमकं ओळीला ओळ लावून पाहायची आहेत. मल्लिनाथाची टीका असेल तर तीही हवी.

तुमचा,
बाळ