सोनाळा ते कॅनडा : दिवसांचा हिशोब

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य. तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणून किडनीच्या आजाराची धास्ती घरोघर. अशा गावातले शिकलेले पोर परदेशी गेले, की मायबापाच्या दुखण्यात लॅपटॉप घेऊन घरी येते. टोरांटोचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. रात्रभर काम चालते, पगारही चालू राहतो. मग घरचे म्हणतात, "अजून दोन महिने राहा."

पण कॅनडाचे कायम रहिवासीपण टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावे लागते. सलग नसले तरी चालते. स्वतःच्या सोयीने गावातून केलेले काम मात्र त्यात धरत नाहीत, मालक तिकडचा असला तरी. कंपनीनेच पूर्णवेळ कामावर बाहेर नेमले असेल, तर गोष्ट वेगळी.

बाबासाहेबांपुढेही मुदत होती. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांत परत येण्याची मुभा होती. नोकरी करून, पैसा जमवून ते १९२० सालीच पुन्हा गेले.

तेव्हा बांधवांनो, पोराला थांबवण्याआधी पासपोर्टचे शिक्के पाहून गेल्या पाच वर्षांचे दिवस वहीत मांडा. मायचे औषधपाणी आणि पोराचा हक्क, दोन्ही सांभाळता येतील. जय भीम!