अर्ध्या तासाची मुदत

शर्यत संपल्यावर तक्रार करणारा खेळाडू मला कधीच आवडला नाही. पळायचं पायांनी, निकाल लागायचा रेषेवर आणि तो लागला की तोंड मिटून घरी जायचं, अशी माझी पक्की समजूत होती. तिला मी खिलाडूवृत्ती म्हणत असे. मुलांना शिकवतही असे. ती समजूत मोडली 2019 साली, बीड जिल्ह्यातल्या एका मुलाच्या पहिल्यावहिल्या जागतिक स्पर्धेमुळे. ते कसं झालं हे लिहायचं तर आधी ती माझ्यात आली कुठून, हेही सांगायला हवं.

आमचं घर बऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात. हे गाव यंत्रमागांचं. वडील दुसऱ्याच्या मागावर काम करत. माग मालकाचा, सूत मालकाचं आणि मजुरी विणलेल्या कापडावर. कापडात खोट निघाली की पैसे कापले जात. सूतच कच्चं होतं, सारखं तुटत होतं, असं ते घरी आईला सांगायचे. मालकासमोर कधी बोलले नाहीत. बोलणाऱ्याचा माग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मिळतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचं गप्प राहणं ही लाचारी होती. मी मात्र त्याला सद्गुण समजलो. पुढे शिक्षक झालो, शाळांच्या मैदानी स्पर्धांना पंच म्हणून उभा राहू लागलो, आणि तोच सद्गुण फक्कीनं आखलेल्या मैदानावर घेऊन गेलो.

अशाच एका स्पर्धेत पंधराशे मीटर पळून आलेली एक मुलगी माझ्यापुढे उभी राहिली. अजून धापा टाकत होती. म्हणाली, “सर, तिनं मला वळणावर कोपर मारला, मी आत फेकली गेले.” मी वळणाकडे पाहत नव्हतो, घड्याळाकडे पाहत होतो. मी तिला म्हटलं, “पोरी, हरलं की रडू नये. पुढच्या वेळी सगळ्यांच्या पुढे पळ, म्हणजे कोणी धक्का मारणार नाही.” तिनं मान खाली घातली आणि ती गेली. आपण तिला आयुष्यभर पुरेल असं काही दिलं, या समाधानात मी पुढच्या शर्यतीची नावं पुकारली.

2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेनं माझी समजूत आणखी घट्ट केली. गोविंदन लक्ष्मणन 10,000 मीटरमध्ये तिसरा आला, पण धावमार्गाच्या आतल्या कडेपलीकडे पाय पडला म्हणून त्याचं कांस्यपदक गेलं. त्याच स्पर्धेत, मिश्र रिलेमध्ये बहारीनच्या धावपटूमुळे हिमा दासची वाट अडली, अशी हरकत भारतानं घेतली. ती फेटाळली गेली. मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, आपल्याला पळण्यापेक्षा अर्ज करण्याचीच सवय जास्त. कोणी विरोध केला नाही. मलाही ते बोलणं फार शहाणपणाचं वाटलं.

मग आली दोहाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. अविनाश साबळेचं नाव मला ठाऊक होतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा घरापासून सहा किलोमीटर. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. स्टीपलचेसकडे तो सैन्यात गेल्यावर वळला. आणि 2018 साली भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. हा माणूस मला माझ्या बाजूचा वाटायचा. एवढं सोसलेला मुलगा कुरकुर करणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं.

1 ऑक्टोबरला त्याची प्राथमिक फेरी झाली. आपल्या गटात तो सातवा आला, म्हणजे बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी बातमी वाचली: शर्यतीत त्याला अडथळा झाला अशी हरकत भारतीय संघानं घेतली, ती मान्य झाली आणि साबळे अंतिम फेरीत पळणार. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. सातवा आलेला मुलगा अर्जावर अंतिम फेरीत जातो, ही मला शरमेची गोष्ट वाटली. त्याच रागात मी त्या शर्यतीची चित्रफीत शोधली. त्यात काही विशेष घडलेलं नाही, हे मला स्वतःला दाखवून द्यायचं होतं.

त्या पाहण्याबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण जे काही बदललं ते तिथं बदललं.

स्टीपलचेस 3,000 मीटरची. त्यात 28 वेळा अडथळा ओलांडायचा आणि 7 वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच, जाड लाकडी ओंडक्याचा. छोट्या अडथळा शर्यतीतल्या अडथळ्यासारखा तो पाय लागला की पडत नाही, माणूस पडतो. प्रत्येक अडथळ्याआधी धावपटू आपली पावलं मोजून आणतो. ती लय तुटली तर वेग जातो, आणि गेलेला वेग पुन्हा मिळवायला जो दम लागतो तो शेवटच्या फेरीतून वजा होतो. हे सगळं मी मुलांना सांगत आलो होतो. पण चित्रफितीत एक धावपटू साबळेच्या वाटेत कोसळला आणि धावत्या घोळक्यात साबळेला जवळजवळ थांबावं लागलं, तेव्हा हे ज्ञान पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं. बाकीचे पुढे निघून गेले. अडखळण्याची ती त्याची एकच वेळ नव्हती. मी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला. चूक त्याची कुठे होती ते मी शोधत होतो. मला ती सापडली नाही.

मग मी वेळ पाहिली. 8 मिनिटं 25.23 सेकंद. नवा राष्ट्रीय विक्रम! थांबावं लागलेल्या, धक्के खाल्लेल्या शर्यतीत त्यानं स्वतःचाच जुना विक्रम साडेतीन सेकंदांहून अधिक फरकानं मागे टाकला होता. इथं मी थबकलो. माझ्या मनात माणसं दोनच प्रकारची होती, पळणारी आणि तक्रार करणारी. हा मुलगा आधी जीव तोडून पळाला होता, आणि हरकत त्यानंतर घेतली गेली होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला, एकाच संध्याकाळी येऊ शकतात, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी नियम काढून वाचला. पंच म्हणून तो मला पाठ असायला हवा होता. शर्यतीत ज्याला अडथळा झाला त्याला पुढच्या फेरीत घेण्याचा अधिकार रेफ्रीला आहे. ती मेहेरबानी नव्हे, नियमच तसा आहे. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जिनं मला सर्वांत जास्त हलवलं. पहिल्या फेरीतून 15 जण अंतिम फेरीत जायचे होते. साबळे सोळावा म्हणून घेतला गेला. त्या पंधरांपैकी एकालाही काढलं गेलं नाही. तक्रार करणारा दुसऱ्याच्या ताटातलं ओढतो, ही भीती मी लहानपणापासून बाळगून होतो. तिथं कोणाचं काहीही गेलं नव्हतं. मार्गावर एक माणूस वाढला होता, एवढंच.

4 ऑक्टोबरची अंतिम शर्यत मी जागून पाहिली. केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुतो 8:01.35 मध्ये जिंकला, इथिओपियाचा लामेचा गिर्मा त्याच्यापेक्षा एका शतांश सेकंदानं मागे राहिला. साबळे तेरावा आला. वेळ 8:21.37, चार दिवसांत दुसरा राष्ट्रीय विक्रम. टोकियो ऑलिम्पिकची पात्रता वेळ 8:22.00 होती. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये 1952 च्या गुलझारा सिंगांनंतर ऑलिम्पिकला जाणारा तो पहिला भारतीय ठरला. ती हरकत घेतली गेली नसती तर त्या रात्री तो प्रेक्षकांत बसलेला असता, आणि मी इथं इतवाऱ्यात त्याच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक करत असतो.

हरकत घेण्याची सवय लागली तर खेळ बिघडेल, अशी शंका माझ्याकडे उरली होती. तिचं उत्तर पुढच्या वर्षांनी दिलं. टोकियोत साबळेनं 8:18.12 असा पुन्हा विक्रम केला. त्याचा गट कठीण होता आणि बाहेर राहिलेल्यांत तोच सर्वांत वेगवान ठरला. दुसऱ्या गटातून त्याच्याहून सावकाश धावलेले पुढे गेले. तिथं कोणी त्याची वाट अडवली नव्हती, नियमच तसा होता. तो परत आला आणि कामाला लागला. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 8:11.20 मध्ये रौप्य घेतलं, सुवर्णापासून 0.05 सेकंदानं दूर. 1998 पासून त्या शर्यतीतली सगळी पदकं केनियानंच नेली होती. दाद मागितल्यानं माणूस लेचापेचा होत नाही, याहून ठळक पुरावा मला नको.

लक्ष्मणनचं पदक ज्या नियमपुस्तकानं काढून घेतलं, त्याच पुस्तकानं साबळेला अंतिम फेरी दिली. पदक गेलं तेव्हा मी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणालो होतो. तोच नियम आपल्या बाजूनं बोलला तेव्हा मला ती रड वाटली. हा दुटप्पीपणा होता, दुसरा शब्द नाही.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. साबळेच्या शेजारी नियम जाणणारी माणसं होती, म्हणून त्याची बाजू मांडली गेली. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीच्या शेजारी, त्या मैदानावर, नियम जाणणारं माणूस एकच होतं. ते मी होतो. तिनं पंचाकडे दाद मागितली आणि पंचानं तिला सोसायला शिकवलं. वडिलांना मालकापुढे जे बोलता आलं नाही, ते बोलण्याचं धाडस त्या पोरीत होतं. मी ते मोडलं.

आता स्पर्धेच्या सकाळी, शर्यती सुरू होण्याआधी, मी मुलांना खाली बसवून त्यांचे हक्क सांगतो. वळणांवर माणूस उभा केल्याशिवाय शिट्टी वाजवत नाही. तक्रार आली की कोण हरलं ते विचारत नाही, काय घडलं ते विचारतो. पुष्कळ तक्रारी खऱ्या नसतात. त्या ऐकून घेतल्या की मुलं आपणहून शांत होतात.

तुमच्या घरात कोणी पळत असेल, तर त्याला सरावाबरोबर एवढंही सांगून ठेवा. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत खेळाडूला स्वतः किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्याला रेफ्रीकडे तोंडी हरकत घेता येते. आधी शर्यत पूर्ण पळायची. मग, अन्याय झाला असेल तर, सरळ उभं राहून सांगायचं. आणि तुम्ही पंच असाल, तर तो अर्धा तास त्या मुलाचा आहे. तो त्याला द्या.