पलटणीबाहेरचा कान

फौजेत असताना आणि सुटल्यावरही बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं: जवानाच्या मनातलं दुखणं पलटणीतच बोलावं. ज्यानं कधी पोस्ट पाहिली नाही, सुट्टी नामंजूर झाल्यावर रात्रभर ड्यूटी केली नाही, त्या फोनवरच्या माणसाला काय कळणार? बडी आहे, सुभेदारसाहेब आहेत, सैनिक संमेलनात सीओसाहेब स्वतः विचारतात. आणखी काय पाहिजे?

देवरीकडचा एक पोरगा रोवणीला सुट्टीवर आला होता. धुऱ्यावर बसून पायाचा चिखल खरडत म्हणाला, "काका, महिनोन्‌महिने नीट झोप नाही. कधीकधी वाटते, संपवून टाकावं." मी सवयीनं म्हणालो, "साहेबांना सांग."

"सांगितलं तर आधी हत्यार जमा होईल, मग कॅटेगरी लागेल. तुम्ही सांगितलं असतं?"

नसतं सांगितलं.

त्याची भीती पोकळ नव्हती. फौजेच्या वैद्यकीय श्रेणीत, म्हणजे 'शेप'मध्ये, पहिलंच अक्षर मनाचं. ती श्रेणी घसरली की पोस्टिंग आणि प्रमोशन अडू शकतं. हत्यार काढून घेणं चूक नाही, त्यानं जीव वाचतो. पलटणीत माया असते हेही मी आज तितक्याच जोरानं सांगेन. पण तिथे ऐकणारा आणि बढतीची शिफारस करणारा बहुतेक वेळा एकच असतो. आणि गावाकडे? गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात ओपीडीच्या रांगेत कुणी ओळखीचा दिसला की संध्याकाळी गावभर. नागपूरला नेलं म्हटलं की लोक थेट पागलखान्यावर येतात. लग्नाच्या पोराचं तर विचारूच नका.

त्या रात्री त्यानं 14416 लावला. ही सरकारची टेलि-मानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासूनची. फुकट, चोवीस तास, मराठीतही. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, सुरू झाला. मी ओसरीवर जाऊन बसलो. काय बोलला ते विचारलं नाही, आजवर नाही. पुढे ड्यूटीवर गेल्यावर तो आपणहून एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेला, एवढं त्यानंच कळवलं. म्हणजे पोरगा शेवटी पलटणीतच बोलला. फक्त आधी बाहेर बोलून हिंमत गोळा केली. माझ्या जुन्या हिशेबात ही पायरीच नव्हती.

गुप्ततेचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो रुग्णाचा हक्कच केलाय. जिवाला धोका असेल तिथे अपवाद आहे, आणि तो असायलाच हवा. माझी कुरकुर वेगळी आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी 2007 पासून खास लाइन आहे; आता 988 लावून 1 दाबला की झालं. आपल्याकडे निवृत्त हवालदाराला पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल तोंडपाठ, पण 14416 माहीत नाही. माजी सैनिकांच्या मेळाव्यात कँटीन कार्डावर तासभर बोलतात, मनाच्या दुखण्यावर पाच मिनिटं नाहीत.

आणि आता अग्निवीर. 2022 च्या योजनेत चार वर्षांनी फार तर पंचवीस टक्के पोरं कायम होणार. बाकीची पंचविशीच्या आसपास घरी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की साहेबांशी बोल?

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक माजी सैनिकाला विनंती आहे. सुट्टीवर आलेल्या पोराला 14416 हा नंबर द्या, त्याच्या बायकोला आणि आईलाही द्या. तो बोलत असेल तेव्हा बाहेर जाऊन बसा. जीव देण्याची भाषा करत असेल तर मात्र एकटं सोडू नका. 112 लावा नाहीतर सरळ दवाखान्यात न्या. गाव काय म्हणेल ते नंतर पाहता येईल.