घडी पडलेली हाली नोट

आजोबांच्या पोथ्यांच्या फडक्यात निजामाच्या तीन नोटा निघाल्या आणि घरातल्या मुलांनी लगेच मोबाइलवर भाव पाहिले. लाखांचे आकडे दिसले. आम्हा तिघा भावंडांत वाटणीची भाषा सुरू झाली.

जुनी म्हणजे महाग, हा समज आधी सोडा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा, १९१८ साली, हैदराबाद संस्थानाने दहाच्या आणि शंभराच्या नोटा काढल्या. एकाची आणि पाचाची १९१९ मध्ये आली, हजाराची १९२६ मध्ये. उर्दूबरोबर त्यांवर मराठी, तेलुगू, कन्नडही आहे. वय साधारण सारखंच, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक! हजाराची नोट मुळातच थोड्यांच्या हाती, आणि ती घरात विसरून कोण राहील? म्हणून ती दुर्मीळ.

संग्राहक आधी घडी बघतो, मग टाचणीची भोकं, डाग. कोरी करकरीत नोट असेल तर भाव कितीतरी पट. आमच्या दोन नोटा एकेक रुपयाच्या. चार घड्या, वर हळदीचा डाग, म्हणजे आजीच्या चंचीतल्याच असणार. कोठीतल्या दुकानदाराने त्या बघून नुसती मान हलवली.

पण या नियमालाही अपवाद आहे. १९२२ च्या मे महिन्यात ‘इजिप्त’ नावाचं जहाज लंडनहून मुंबईला येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडालं. त्यावर सोन्याचांदीबरोबर निजामासाठी छापलेल्या, सह्या न झालेल्या नोटा होत्या. दहाएक वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोनं वर काढलं, त्याबरोबर त्याही आल्या. भिजलेल्या, कडा विरलेल्या, कधी चलनात न आलेल्या! तरी संग्राहक त्या हौसेने घेतात, कारण त्या कुठून आल्या ते ठाऊक आहे.

आमची तिसरी नोट अशीच बोलकी आहे. तिच्यावर गुलाम मुहम्मद यांची सही आहे. ते तेव्हा संस्थानाचे अर्थमंत्री होते, पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांची सही आणि मराठी अक्षरं एकाच कागदावर!

भाचा म्हणतो, इस्त्री करून घड्या घालवू. अजिबात नको. धुतलेली, दाबलेली नोट जाणकार लगेच ओळखतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट.

दादाला ती विकून पैसे वाटायचे आहेत. ताई म्हणते, राहू दे. दिवाळीला सगळे जमले की ठरेल. तोवर ती माझ्या कपाटात, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात आहे.