धुराड्याचा रंग

भिंतींच्या रंगावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही. तो झाला धुराड्याच्या रंगावरून. हसू आले ना? मलाही आधी आलेच होते.

विचुंब्याचे आमचे जुने कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधले, तेव्हा ओटा आला, गॅस आला. पण आजीची चूल काही गेली नाही. आंघोळीचे पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच, हा तिचा हट्ट. शेवटी मागच्या पडवीत पत्रे टाकून तिला चूल मांडून दिली.

जुन्या घराला धुराडे नव्हतेच. धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढी. जाता जाता वाशांना कीड लागू देत नसे, टांगलेले बोंबील कोरडे ठेवी. तेवढे त्याचे उपकार. त्याची किंमत त्याने आजीच्या छातीतून आणि डोळ्यांतून वसूल केली. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी बजावले, "चूल ठेवायची असेल, तर धूर बाहेर गेला पाहिजे." १९८३ साली सरकारने निर्धूर चुलींची देशव्यापी योजना काढली, तेव्हा आजी ऐन उमेदीत होती. धुराची नळी आमच्या घरी यायला मात्र पुढे चाळीस वर्षे लागली!

पनवेलहून पत्र्याची नळी आणली, वर पावसासाठी टोपी बसवली. आता रंग कोणता? बाबा म्हणाले, "काळा. काजळी दिसणार नाही." काका म्हणाले, "घराला शोभेल असा पिवळा." आणि त्यांनी भिंतींचा उरलेला ऑइलपेंट फासलासुद्धा. दुसऱ्याच दिवशी चुलीलगत त्याला फोड आले. त्या दिवशीची भाकरी कुत्र्यानेही हुंगून सोडली.

आम्ही कलाशाखेचे, रंग म्हटला की आम्हाला भावना आठवतात. म्हणून विज्ञानशाखेतल्या एका मित्राला गाठले. मला वाटत होते, काळी नळी उष्णता जास्त बाहेर टाकत असेल. तो म्हणाला, "उन्हात काळे-पांढरे वेगळे तापते, हे खरे. पण तापलेल्या नळीतून उष्णता बाहेर पडते, तेव्हा काळा तैलरंग काय नि पांढरा काय, जवळजवळ सारखेच. ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग तेवढा ती कमी सोडतो." मग धुराविषयी सांगू लागला. धूर गरम असेतो हलका राहतो, वर ओढला जातो. नळीतच गार झाला, तर भिंतींवर डांबरासारखा थर धरतो, वाट अरुंद होते आणि धूर पुन्हा घरात. म्हणजे रंग शोभेचा नव्हता तर! खालच्या भागाला उष्णता सोसणारा चंदेरी रंग द्यायचा, हे ठरले. पत्र्यांच्या वरच्या भागाला मात्र कोणताही चालणार होता, आणि तिथे पुन्हा बाबा नि काका समोरासमोर.

आजी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सहज विचारले, "आजी, तुला कोणता हवा?" मी कुणाला विचारतोय, म्हणून तिने आधी मागे वळून पाहिले. या घरातल्या एकाही भिंतीचा रंग तिला कुणी विचारला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

"पांडरा," ती म्हणाली. "काल्यावर काजली दिसत नाय, बाला. न दिसली तर साफ कोन करनार?"

बाबा गप्प झाले. काजळी दिसू नये म्हणूनच त्यांना काळा हवा होता.

रविवारी काकांचा पिवळा खरवडून काढला आणि मी शिडीवर चढलो. एका अंगाला नवीन पनवेलच्या इमारती, दुसऱ्या अंगाला प्रबळगड. खाली आजी कपाळावर हात धरून उभी. डाव्या डोळ्याने तिला अजून अंधुकच दिसते. "टोपीला पन लाव," एवढेच ती सारखे सांगत होती.

पावसाळा गेला. परवा पहाटे तिने मला हलवून उठवले. "वर बग. टोपी काली झाली."

मी काथ्याचा ब्रश शोधायला पडवीत गेलो. शिडी तिने आधीच भिंतीला लावून ठेवली होती.