कुशीवरची नजर

गाईचा श्वास मोजायचा तर आधी तिच्यापासून दूर उभं राहावं. जनावरांचा डॉक्टर म्हणून वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)च्या आसपासचे गुरांचे कोठे फिरताना ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. डॉक्टर आला की मालक दावं ओढतो, बसलेली गाय उठवतो, पोरं जमतात. मग मिळणारा आकडा गाईच्या घाबरण्याचा असतो. आता मी फाटकाशीच थांबतो, सगळ्यांना गप्प राहायला सांगतो आणि मागून जरा तिरपं उभं राहून उजव्या कुशीकडे बघतो. डावी कूस फसवते, कारण तिथे कोठीपोट स्वतःच हलत असतं. उजवी कूस फुगून खाली बसली की एक श्वास. असं पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं मी सोडलं. एका श्वासाची चूक चारांची होते.

थंड सकाळी मोठी गाय मिनिटाला साधारण 20 ते 40 श्वास घेते. साठाच्या वर गेली की ऊन तिला सोसत नाही असं समजावं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 गाठतो. अशाच एका दुपारी फोन आला, "डॉक्टर साहेब, गाय धापा टाकून राह्यली." तापल्या टिनाखाली संकरित गाय होती. मान लांब, लाळेच्या तारा, श्वास नव्वदीच्या पुढे. तिच्याच शेजारी आर्वीकडची गवळाऊ जातीची गाय निवांत रवंथ करत होती. यावरून कोणत्याही जातीला नावं ठेवू नयेत. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते आणि ते पचवताना तिच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. तिला आधी सावली, वारा आणि पाणी द्यायचं, सुई नंतर.

आता श्वासासोबत बाहेर पडणाऱ्या वायूचं. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली की दोन मिनिटांत साधारण तीनदा कोठीपोटाची लाट हाताला लागते. शंभराहून अधिक लिटरच्या त्या पोटात सूक्ष्मजीव कुटार, कडबा आंबवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो. तो मागून जातो असा बहुतेकांचा समज आहे. खरं तर जवळजवळ सगळा तोंडानाकावाटे, ढेकरेतून आणि श्वासातून जातो. ही ढेकर अडली तर पोटफुगीने जनावर काही तासांत दगावतं.

मिथेन मोजण्याची जुनी रीत म्हणजे बंद खोली: आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आर्म्सबी नावाच्या संशोधकांनी 1902 मध्ये असं यंत्र गुरांसाठी चालवलं. पण अनोळखी खोलीत गाय कमी खाते, म्हणून आधी कित्येक दिवस तिला तिथे रुळवावं लागतं. 1994 मध्ये दुसरी पद्धत प्रसिद्ध झाली. सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू ठरावीक गतीने सोडणारी छोटी नळी कोठीपोटात ठेवतात. नाकाजवळच्या बारीक नळीतून गळ्यातल्या निर्वात डब्यात दिवसभराची हवा जमते. दोन्ही वायूंच्या प्रमाणावरून मिथेनचा हिशोब काढतात. गाय मात्र मोकळी चरते. मला ही पद्धत आवडते ती यासाठी. फाटकाशी थांबण्याचंच हे मोठं रूप आहे.

चाऱ्यातल्या ऊर्जेचा 2 ते 12 टक्के भाग मिथेन होऊन उडतो. हवेला तो तापवतो, ही जगाची चिंता रास्तच आहे. पण शेतकऱ्याला मी त्याच्या खिशाचं सांगतो: नुसत्या कुटारावर ठेवलेल्या गाईच्या एका लिटर दुधामागे मिथेन जास्त जातो. हिरवा चारा आणि थोडी सरकीची ढेप जोडली की तेच दूध कमी वायूत मिळतं. विकत घेतलेला चारा ढेकरेत का घालवायचा?

मला मात्र अजूनही पहिला भरवसा कुशीवरच्या नजरेचा. तुमच्या घरी गाय असेल तर उद्या पहाटे, दूध काढायच्या आधी, लांबून तिचे मिनिटभराचे श्वास मोजा आणि कोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढे कधी ती आजारी पडली, तर डॉक्टरला फोन करताना तो आकडा आधी सांगा.