वाळवंटात भिजायला चला!

‘ओमानला जाऊन काय बघणार? वाळू?’ रजेचा अर्ज बघून बॉसने विचारलं, तेव्हा मीही हसले होते. मुंबईहून जेमतेम अडीच तासांची फ्लाइट आणि मस्कतला दादा-वहिनींचं घर, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला. प्लॅन ठरायला एवढं कारण पुरलं!

पण खरं सांगू? या देशात बघायचं ते पाणी.

मस्कतहून सूरच्या रस्त्याला लागलं की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला हजर पर्वताचे बोडके डोंगर. वाटेत बिम्मा सिंकहोल लागतं. चुनखडीचं छत कोसळून झालेला भलामोठा खड्डा, तळाशी हिरवंनिळं पाणी. इथे तारा पडला म्हणे, म्हणून अरबी नाव ‘हवियत नज्म’. पाण्यात पाय सोडले की छोटे मासे येऊन कुरतडायला लागतात. पार्लरमध्ये याचेच पैसे मोजतो आपण!

तिथून पुढे वाडी शाब. वाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नारळ-सुपारी आली. अरबीतली वाडी म्हणजे डोंगरांमधलं नदीचं पात्र, एरवी बहुतेक कोरडंच. शाबला मात्र पाणी असतं. आधी दोन मिनिटांची होडी, मग खजुराच्या झाडांमधून, दगडधोंड्यांवरून पाऊण तास चाल. पुढे एकामागून एक हिरवी कुंडं. शेवटच्या कुंडातून पोहत गेलं की कातळात डोकं मावेल एवढीच फट, तिच्यापलीकडे गुहा, आणि गुहेत चक्क धबधबा! मी त्याच्यासाठीच आले होते.

पहिल्या कुंडात उतरले, तेवढ्यात एक ओमानी आजोबा डोंगराकडे बोट दाखवत म्हणाले, ‘मतर, मतर.’ पाऊस. वर बघितलं, तर लांब डोंगरमाथ्यावर दोन काळे ढग. आमच्यावर लख्ख ऊन.

‘चल, मागे फिरायचं,’ दादा म्हणाला.

‘दोन ढगांसाठी? अरे, मी २६ जुलै बघितलाय!’

‘बघितलायस ना? मग तरी चल.’

वहिनीने माझी सॅक उचलली सुद्धा. मी अख्खा रस्ता तोंड फुगवून चालले. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मस्कतला वर्षभरात शंभरच्या आसपास पडतो. आणि हे लोक मला पाऊस शिकवणार!

होडीतून उतरून गाडीपाशी आलो. थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत आवाज आला, लोकल लांबून यावी तसा. मघाचं काचेसारखं पाणी चॉकलेटी झालं होतं. त्यातून झावळ्या, फांद्या, कुणाची तरी एक चप्पल वाहत चालली होती. आमच्या अंगावर एक थेंब पडला नव्हता.

दादाने मग सांगितलं. त्या डोंगरांवर माती जवळजवळ नाहीच, झाडंही तुरळक. पाणी मुरत नाही, सरळ घरंगळत वाडीत येतं. पाऊस पडतो एकीकडे, माणसं अडकतात दुसरीकडे. म्हणून तर वाहत्या वाडीत गाडी घालणं ओमानमध्ये गुन्हा आहे. दादा बोलत होता आणि मी मनात पाऊण तासाचा हिशेब करत होते. त्या अरुंद घळीत तेव्हा मी असते, तर वर चढायला जागा कुठे होती?

त्या आजोबांना ‘शुक्रन’ म्हणायचंही राहिलं.

पुढचे दिवस मी निमूट दादा सांगेल तसं केलं. शर्किया सँड्समध्ये वाळूच्या टेकडीवर सूर्यास्त (छान, पण जीप-सफारीवाल्यांची गर्दी फार). रास अल जिंझला रात्री अंडी घालायला आलेली हिरवी कासवं, आपल्या वेळासच्या कासवांपेक्षा कितीतरी मोठी. आणि जेबेल शम्सची दरी. कड्याशी उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते मार्च बरा. चांगली ग्रिप असलेले, भिजले तरी चालतील असे शूज न्या, पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट, आणि निघण्याआधी डोंगरातलं हवामान बघा. फक्त मस्कतचं नाही.

गुहा माझी राहिलीच. डिसेंबरची रजा टाकलीय. बॉसने या वेळी काही विचारलं नाही.